फुकटचं पाणी

उज्ज्वलाताई दामले माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते असं : "‘सहजपणे’ हा शब्द काढा."

मी खराडीतल्या एका लहानशा कंपनीत नुकताच लागलो होतो. व्हिडिओ गेममध्ये पाणी दाखवायचं सॉफ्टवेअर तिथे तयार व्हायचं. नदी, ओढा, सांडलेली बादली, काहीही. गेम दुसरे लोक बनवायचे, त्यातलं पाणी आम्ही पुरवायचो. सॉफ्टवेअरचं नाव ‘ओघ’. ते कसं वापरायचं याची पुस्तिका लिहिणं आणि लोकांच्या पत्रांना उत्तरं देणं हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं, ‘ओघ आपण सहजपणे बसवू शकता.’ तो कागद हातात घेऊन एक बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, आखूड कापलेले करडे केस, सुती पंजाबी ड्रेस आणि पायांत जाड चामडी चपला.

"सहज असतं तर पुस्तिका लागली नसती," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही लागला नसतात."

"बरं, मॅडम."

"मॅडम नको. मी शाळेत शिकवत नाही. ताई म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका."

मी अकोल्याचा. आमच्याकडे असं कोणी बोललं तर भांडण झालं असं समजतात. पुण्यात त्याला ओळख झाली म्हणतात, हे समजायला मला दोन महिने लागले.

ओघ त्यांनी एकट्यानं लिहिलेला होता. त्याआधी वीसेक वर्षं त्या एका कचेरीत कालव्यांची गणितं करत होत्या. धरणातून इतकं पाणी सोडलं तर कुठल्या गावच्या पुलाशी ते किती वेळात पोचेल, अशी. कंपनीचा मालक शिरीष तिथे त्यांच्या हाताखाली होता. त्यानं नोकरी सोडून कंपनी काढली आणि सगळ्यात आधी ताईंना बोलावलं. मालक झाला तरी त्यांच्या टेबलाशी तो उभ्यानंच बोलायचा.

त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी एक पसरट स्टीलचं पातेलं असायचं, अर्धं पाण्यानं भरलेलं. त्यात कधी कंगवा उभा धरायच्या, कधी पेन्सिल, कधी नुसतंच पातेलं एका बाजूनं उचलायच्या आणि पाणी परत जागेवर येईपर्यंत बघत राहायच्या. मग स्क्रीनकडे बघून नाराजीनं मान हलवायच्या. संध्याकाळी साफसफाईच्या मावशी ते पाणी ओतून पातेलं घासून पालथं घालायच्या. ताई सकाळी ते परत भरायच्या. त्यांनी मावशींना कधी काही सांगितलं नाही, मावशींनीही कधी विचारलं नाही. एकदा बाहेरगावचं एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं आदरानं विचारलं, "हे वास्तूसाठी ठेवलंय का?"

"नाही. पाण्यासाठी ठेवलंय," ताई म्हणाल्या.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की त्या अर्धा दिवस रजा टाकून पुलावर जायच्या. एकदा मी बरोबर गेलो. मुठा दोन्ही काठ भरून चालली होती, कठड्याशी माणसं फोटो काढत होती. एक पोलीस सगळ्यांना हाकलत आला. ताई हलल्या नाहीत. "दोन मिनिटं," त्या त्याला म्हणाल्या. "त्या तिसऱ्या खांबामागचा भोवरा अजून जमायचाय." पोलिसानं खाली बघितलं, मग घड्याळात बघितलं, आणि खरंच दोन मिनिटं थांबला. भोवरा जमला. ताई म्हणाल्या, "झालं," आणि निघाल्या. परतताना बसमध्ये त्या तिकिटाच्या मागे काहीतरी लिहीत होत्या.

रेवती आणि समीना आमच्याकडे आल्या तो दिवस मला चांगला आठवतो, कारण पुढचं सगळं त्या दिवशी सुरू झालं. दोघी कर्वेनगरमध्ये एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. नोकऱ्या सोडून त्या एक गेम बनवत होत्या. नाव ‘नावाडीण’. बापाच्या मागे होडी चालवणारी एक बाई आणि तिची नदी, एवढीच गोष्ट. गेमसाठी त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती. तिचा नियम असा की ठरलेल्या दिवसापर्यंत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे हातात येतात, नाहीतर ज्याचे त्याला परत जातात.

"गणपतीच्या वर्गणीसारखंच," रेवती म्हणाली. "फक्त गणपती वर्षभरानं बसणार."

ताई हसल्या नाहीत. "दाखवा," म्हणाल्या.

समीनानं लॅपटॉप उघडला. बाई सुंदर होती, होडी सुंदर होती, काठावरची झाडंही चांगली होती. नदी मात्र एका निळ्या कागदासारखी दिसत होती. ताई बराच वेळ बघत राहिल्या. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"हे पाणी नाही, चादर आहे," ताई म्हणाल्या.

"माहितीय," समीना म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. "तुमच्या ओघची किंमत आम्हाला परवडत नाही. म्हणूनच आलोय. हप्त्यानं मिळेल का विचारायला."

ताईंनी तिला परत एकदा गेम लावायला सांगितलं. नावाडीण वल्हं मारते तेव्हा तिचे खांदे कसे हलतात ते बघितलं. मग उठून शिरीषच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"या मुलींना ओघ असाच द्यायचा," त्या म्हणाल्या.

शिरीष हिशेबी होता, पण वाईट नव्हता. तो म्हणाला, "दोघींनाच कशाला ताई? लोकवर्गणीतून गेम करणाऱ्या सगळ्यांनाच देऊ. आपलंही नाव होईल."

"नावाचं तू बघ," ताई म्हणाल्या.

ओघ फुकट वापरायचा परवाना ताईंनी स्वतः लिहिला. नऊ ओळींचा. मी म्हटलं, असे परवाने चाळीस पानांचे असतात. त्या म्हणाल्या, "म्हणूनच कोणी वाचत नाही."

घोषणा झाली आणि पहिला दिवस कौतुकात गेला. नावाडीणच्या पानावर नवी नदी दिसायला लागली, वर्गणीदार वाढले. रेवतीनं ऑफिसात पेढे पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रं उघडली तर वारं फिरलेलं होतं.

‘आज फुकट, उद्या गळ्याशी.’ ‘इतकं चांगलं आहे तर विकत का नाही?’ ‘यात कोणाचा पैसा आहे ते आधी सांगा.’ ‘पुण्याचे लोक आणि फुकट? काहीतरी चुकतंय.’ मी ही पत्रं छापून ताईंच्या टेबलावर ठेवायचो, कारण त्या स्क्रीनवर वाचून उत्तर देत नसत. प्रत्येक पत्राखाली त्या पेन्सिलीनं उत्तर लिहायच्या आणि मी ते टाकायचो. ‘यात काय काळंबेरं आहे?’ या पत्राखाली त्यांनी लिहिलं, ‘परवाना नऊ ओळींचा आहे. वाचा.’ ‘नक्की काहीतरी लपवताय’ याखाली लिहिलं, ‘नवव्या ओळीपर्यंत पोचलात का?’

काहींना ही उत्तरं आवडली. पुष्कळांना झोंबली. मी एकदा भीत भीत म्हटलं, "ताई, जरा गोड लिहूया का?"

"मिठाईचं दुकान काढलंय का आपण?"

पण एका पत्रापाशी त्या अडल्या. कोणा एकट्या माणसानं लिहिलं होतं : ‘मीही पाण्याचंच सॉफ्टवेअर विकतो. माझं घर त्यावर चालतं. तुम्ही फुकट वाटल्यावर माझं कोण घेणार?’ तो कागद त्यांच्या टेबलावर दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी तो त्यांनी मला परत दिला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

"याचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "याला काय उत्तर द्यायचं ते मला येत नाही."

मग नावाडीणचे वर्गणीदारच बिथरले. पाण्यावर किती खर्च होईल ते रेवतीनं सुरुवातीलाच पानावर लिहिलं होतं. आता लोक विचारायला लागले, पाणी फुकट मिळालं, तर त्या वाटणीचे पैसे कुठे जाणार? खरं तर त्या पैशांत त्या दोघी आवाज नीट करून घेणार होत्या, आणि रेवतीनं तसं लिहिलंही. पण ‘आम्हाला फसवलं’ हा शब्द एकदा पडला की त्यावर शंभर जण येऊन बसतात. रेवती मला दिवसातून चार-चार फोन करायची. "गजानन, आज परत सात जणांनी नाव काढून घेतलं," म्हणायची. शेवटच्या तारखेला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

आणि त्याच दिवशी ‘चौकस’ नावानं लिहिणाऱ्या एका माणसाची चिठ्ठी आली. तिच्यात टोमणा नव्हता, शिवी नव्हती. त्यानं लिहिलं होतं : ‘नावाडीणचा नमुना मी माझ्या कॉम्प्युटरवर चालवला. तो सुरू झाला की ओघ इंटरनेटवरून एका पत्त्यावर गुपचूप काहीतरी पाठवतो. पुरावा जोडला आहे. हे काय आहे?’

दुपारपर्यंत ती चिठ्ठी सगळीकडे फिरली. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं म्हणणाऱ्यांना तर पर्वणीच. आमची माहिती चोरतात, म्हणून फुकट वाटतात, असं जो तो ठामपणे सांगायला लागला. नावाडीणच्या पानावरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरत होता.

शिरीषनं सगळ्यांना आत बोलावलं. आम्ही नऊ माणसं. "हे खोटं आहे ना, ताई?" त्यानं विचारलं.

"बघून सांगते," ताई म्हणाल्या आणि आपल्या जागेवर गेल्या.

दीड तास त्या तिथेच होत्या. कोणी काम करत नव्हतं. पंख्याखाली सगळे उगीच आपापल्या स्क्रीनकडे बघत बसलो होतो. मावशी चहा घेऊन आल्या, ताईंच्या टेबलावर कप ठेवला, तो तसाच निवला. मग ताई उठल्या आणि चालत शिरीषच्या खोलीपर्यंत आल्या. चेहरा नेहमीसारखाच होता, पण चष्मा हातात होता आणि त्या तो पुन्हा पुन्हा ओढणीनं पुसत होत्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलंय ते. मागे एका गिऱ्हाइकाकडे ओघ मध्येच बंद पडायचा. कुठे पडतो ते कळावं म्हणून चार ओळी घातल्या होत्या. कॉम्प्युटरचं नाव आणि वेळ, एवढं आपल्याकडे येतं. दोष सापडला, ओळी काढायच्या राहिल्या."

"ती माहिती आपण वापरली कधी?"

"ती साठते त्या कपाटात कोणी डोकावलेलंही नाही. पण आलीय ती."

शिरीषनं श्वास सोडला. "मग प्रश्न मिटला. आज ओळी काढा, नवी आवृत्ती टाकू. जुनी उतरवून घेऊ. गजानन, तू दोन वाक्यं लिही. काही वापरकर्त्यांचा तांत्रिक बाबींवरून गैरसमज झाला आहे, नव्या आवृत्तीत तो दूर केला आहे. बास."

मी लिहिलं. नोकरीच होती ती माझी. छापून आणलं तेव्हा ताईंनी हात पुढे केला. वाचलं. खिशातली पेन्सिल काढून ‘गैरसमज’ या शब्दावर रेघ मारली.

"हा शब्द खोटा आहे."

"ताई, तुम्ही समजून घ्या," शिरीष म्हणाला. तो पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खुर्चीत बसून बोलत होता. "आपण कबूल केलं तर पैसे देणारी गिऱ्हाइकंही विचारतील. त्यांच्याकडेही हाच ओघ आहे. ही नऊ माणसं आहेत इथे. त्यांची घरं आहेत. आणि त्या दोन मुलींचं काय? नऊ दिवस राहिलेत. तुमच्या खरेपणानं त्या बुडतील."

हे खरं होतं. ताईंनाही ते दिसत होतं.

"ज्यानं शोधून काढलं तो खोटा ठरेल," त्या म्हणाल्या. "तसं नको."

त्या बाहेर आल्या आणि माझ्या मागोमाग माझ्या टेबलाशी थांबल्या. कंपनीच्या पानावर लिहायची सोय फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होती. शिरीष दारातून म्हणाला, "गजानन, मला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही." मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. माझा हात माउसवर होता.

"ऊठ," ताई मला म्हणाल्या. आजवर त्या मला अहो-जाहो करत होत्या. "तुझी नोकरी आहे. तू नको टाकूस."

मी उठलो. त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि दोन बोटांनी लिहायला लागल्या. शिरीषनं त्यांना अडवलं नाही. अडवता आलं असतं, पण तो दारातच उभा राहिला. त्यांनी जे टाकलं ते जवळजवळ शब्दशः मला पाठ आहे :

‘चौकस यांचं म्हणणं बरोबर आहे. ओघ कॉम्प्युटरचं नाव आणि वेळ आमच्याकडे पाठवत होता. दोष शोधण्यासाठी घातलेल्या ओळी काढायच्या राहिल्या. चूक माझी, उज्ज्वला दामले हिची. आलेली सगळी माहिती आज पुसली. नावाडीण करणाऱ्या दोघींना यातलं काही माहीत नव्हतं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते एक, ऑफिसात भेटेन. खाली पत्ता दिला आहे.’

पत्ता दिला आहे म्हटल्यावर लोक येणारच. पहिल्या दिवशी एक गृहस्थ आले. त्यांचा गेमशी काही संबंध नव्हता. बंडगार्डनकडे कामाला चालले होते, वाटेत भांडून जावं म्हणून थांबले. ताईंनी त्यांचं वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजची दोन मुलं आली आणि मोबाइल वर धरून चित्रीकरण करायला लागली. ताई म्हणाल्या, "उजेडाकडे मोबाइल धरू नका, माझं तोंड काळं दिसेल. तेवढ्यासाठीच आला असाल तर असू दे." मुलांनी मोबाइल खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला एक माणूस आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. दाराशीच उभा राहून म्हणाला, "दामले म्याडम हायेत का? मी चौकस. म्हंजे भोसले. मांजरीत कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान हाय माझं."

ताई उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या कोणासाठी त्यांना उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कसं पकडलंत?"

भोसल्यांनी सांगितलं. मागे त्यांनी गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरमध्ये एक फुकटचं सॉफ्टवेअर चांगलं म्हणून घालून दिलं होतं. त्यातून एका शिक्षिकेचे घरचे फोटो भलत्याच ठिकाणी गेले. "बाई दुकानात येऊन रडल्या, म्याडम. मला काय बोलल्या न्हाईत, पण सगळ्या मांजरीला कळलं. तवापासनं फुकट म्हनलं की मी आधी उघडून बघतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मला त्या गेमचं वाटोळं करायचं नव्हतं. मीबी वर्गणी दिलीया. माझं आजोळ धरणात गेलं, होडीनंच जायचो आम्ही."

"उरलेलंही बघून घ्या," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

पुढचे चार दिवस भोसले दुकान भावावर सोपवून अकरा ते एक येत राहिले. ताईंनी ओघचा सगळा मजकूर त्यांच्यासमोर उघडला. ते ओळ न् ओळ विचारायचे, ताई सांगायच्या. कुठे ते म्हणाले, "हितं काय गरज?" तर ताई विचार करून म्हणायच्या, "नाहीये गरज," आणि काढून टाकायच्या. शिरीष काचेतून बघायचा आणि पडदा ओढून घ्यायचा. चौथ्या दिवशी भोसल्यांनी आपल्या ‘चौकस’ या नावानं लिहिलं : ‘सगळं बघितलं. आता काही जात नाही. मी माझी वर्गणी कायम ठेवतोय.’

त्यानं काही लोक परतले. सगळे परतले नाहीत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला मुदत संपली तेव्हा नावाडीण थोडक्यासाठी राहिली. जमलेले सगळे पैसे ज्याच्या त्याच्याकडे परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई म्हणाल्या, "कर्वेनगरला जायचंय. घर तुला माहितीय." रिक्षात त्या बॅग मांडीवर धरून सरळ बसल्या होत्या. वाटेत मी म्हटलं, फोन केला असता तरी चाललं असतं.

रेवतीनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. ती "या" म्हणाली, पाणी आणायला आत गेली. समीना मात्र जमिनीवर लॅपटॉपसमोर बसली होती, ती उठली नाही.

"मी सांगायला आले," ताई म्हणाल्या, "की माझ्या चुकीनं तुमचं नुकसान झालं."

"चुकीनं नाही," समीना म्हणाली. "चूक कोणाचीही होते. तुम्ही नऊ दिवस थांबू शकला असतात. नऊ दिवस. मग सांगायचं होतं सगळ्या जगाला. तुम्ही खरं बोललात, ताई, छान झालं. पण आमच्या जिवावर बोललात."

रेवती पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच थांबली. मला वाटलं आता ताई काहीतरी धारदार बोलतील. निदान एवढं तरी म्हणतील की त्या नऊ दिवसांत लोकांनी न कळता पैसे दिले असते. ते बरोबरही ठरलं असतं.

"हो," ताई म्हणाल्या. एवढंच.

त्या बसल्या, पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला. मग समीनाच्या लॅपटॉपकडे बोट करून विचारलं, "चादर अजून आहे ना? जुनी?"

"आहे."

"उघड."

पंधरा दिवसांनी ताईंनी कंपनी सोडली. शिरीषनं काढलं नाही, पण दोन गिऱ्हाइकं गेली होती, फुकटची योजना त्यानं गुंडाळली होती, आणि एका खोलीत बसून दोघांना एकमेकांकडे बघणं जमत नव्हतं. ओघ कंपनीचा होता, तो तिथेच राहिला. शेवटच्या दिवशी शिरीष त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेला आणि रिक्षा वळली तरी बराच वेळ फुटपाथवर उभा होता. हे मी वरून खिडकीतून पाहिलं.

ताई रोज सकाळी बसनं कर्वेनगरला जायला लागल्या. रिकाम्या पानापासून त्यांनी नवं पाणी लिहायला घेतलं, या वेळी एकट्यानं नाही. प्रत्येक ओळ समीनाला समजल्याशिवाय पुढची लिहायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. समीना त्यांच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलत होती, असं मला रेवतीनं सांगितलं. मग एक दिवस दोघींचं एका धबधब्यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि तेव्हापासून बरं चाललं. रविवारी भोसले मांजरीहून मोटारसायकलवर यायचे आणि झालेलं काम तपासायचे.

काही महिन्यांनी रेवती आणि समीनानं परत लोकवर्गणी मागितली. या वेळी गेम लहान केला होता. रेवतीनं ताईंचं नाव लिहून पुढे ‘विनामूल्य सहकार्य’ असं लिहिलं, तर ताईंनी ते खोडायला लावलं.

"मी मानधन घेणार आहे. किती, तेही लिही."

"ताई, तुम्हाला कुठे हवंय?"

"मला नकोय. लोकांना हवंय. मी कशासाठी करते ते कळलं की ते निवांत झोपतात."

‘फुकट’ हा शब्द त्या पानावर कुठेच नव्हता. तरी एकानं विचारलंच की, एवढ्या कमी मानधनात ही बाई का काम करते? त्याला उत्तर भोसल्यांनी दिलं. या खेपेला वर्गणी जमली, मुदतीच्या दोन दिवस आधी.

मीही पुढे ती कंपनी सोडली. खराडीतच दुसरीकडे लागलो. ताईंना सणासुदीला फोन करायचो. त्या "बरी आहे, पुढचं बोल" म्हणायच्या आणि पुढचं काही नसलं की फोन ठेवायच्या.

गेल्या वर्षी कर्वेनगरच्या एका कॉलेजात नव्या गेमचं दिवसभराचं प्रदर्शन होतं. मी दुपारी पोचलो. हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडली होती, पोरापोरींची गर्दी होती. नावाडीणच्या टेबलाशी समीना उभी होती आणि समोरच्या खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई खेळत होत्या. बहुधा कोणाची तरी आई. साडी, मांडीवर पर्स, पायांतल्या सपाता जमिनीला टेकलेल्या. समीनानं कंट्रोलर कसा धरायचा ते दाखवलं होतं आणि बाई तोंड घट्ट मिटून होडी पलीकडे न्यायच्या खटपटीत होत्या.

चार पावलांवर, खांबाला पाठ लावून उज्ज्वलाताई उभ्या होत्या. खांद्याला बॅग. मी हाक मारणार होतो, पण त्यांच्याकडे बघून थांबलो.

नदीच्या मधोमध होडी कलली. एका बाजूनं पाणी आत शिरलं, फळ्यांवरून पसरत नावाडिणीच्या पायांशी आलं आणि तिथून पुढे, पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत. खेळणाऱ्या बाईंनी नजर न हलवता आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. साडीची निरी डाव्या हातानं जराशी वर धरली. आपण असं काही केलं हे त्यांना कळलंही नाही. त्या तशाच वल्हवत राहिल्या.

समीनाचं लक्ष पडद्याकडे होतं, तिला दिसलं नाही. ताई त्या पायांकडे बघत होत्या. बाईंनी ते खाली ठेवेपर्यंत त्या खांबापासून हलल्या नाहीत. मग बॅग खांद्यावर सारखी केली आणि कोणाशीही न बोलता बसस्टॉपच्या दिशेनं निघून गेल्या.